कवचधारी प्राण्यांचे प्रयोगशाळेतील कल्याण

कवचधारी प्राण्यांचे प्रयोगशाळेतील कल्याण : अध्यापन, संशोधन किंवा चाचणी यांसाठी जिवंत ठेवलेल्या खेकडा, कोळंबी, शेवंड इ. कवचधारी प्राण्यांना अनावश्यक इजा, ताण व वेदना होऊ नयेत म्हणून त्यांचा संग्रह, वाहतूक, निवास, आहार, हाताळणी व अखेर या सर्व अवस्थांत घ्यावयाच्या काळजीचा या विषयात समावेश होतो. उंदीर, ससा यांसारख्या पृष्ठवंशी (पाठीचा कणा असलेल्या) प्राण्यांबाबत असे नियम फार पूर्वीपासून आहेत. खेकडा मात्र अपृष्ठवंशी असल्यामुळे दीर्घकाळ केवळ ‘प्रयोगाचे साहित्य’ मानला गेला. गेल्या काही दशकांतील संशोधनाने ही समजूत डळमळीत केली आहे.

कवचधारी हा संधिपाद संघातील प्राण्यांचा मोठा गट आहे. खेकडा, कोळंबी, शेवंड व शंखात राहणारा खेकडा हे त्यातील दशपाद गणाचे प्राणी होत. जलपिसू, आर्टेमिया व बार्नेकल हे इतर गणांतील होत. औषधांतील जंतुविषाच्या चाचणीसाठी ज्याचे निळे रक्त काढतात तो नालाच्या आकाराचा ‘खेकडा’ नावापुरताच खेकडा असून तो कोळी व विंचू यांना अधिक जवळचा आहे. त्याचा विचार येथे केलेला नाही. [⟶ कवचधारी, खेकडा, कोळंबी].

प्रयोगशाळेतील उपयोग : प्राणिविज्ञानाच्या अध्यापनात या प्राण्यांना मानाचे स्थान आहे. टी. एच. हक्सली यांनी १८८० मध्ये केवळ क्रेफिश (गोड्या पाण्यातील शेवंडीसारखा प्राणी) या एका प्राण्याच्या आधारे प्राणिविज्ञानाची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले. भारतात के. एन. बहल यांनी संपादिलेल्या भारतीय प्राण्यांवरील प्रबंधमालेत एस. एस. पटवर्धन यांचा पालीमॉन या नदीतील कोळंबीवरील प्रबंध १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. (या कोळंबीचा समावेश आता मॅक्रोब्रॅकियम प्रजातीत करतात). पटवर्धन यांनी दशपाद प्राण्यांच्या जठरातील चर्वणयंत्रणेचाही अभ्यास केला होता. पुढे अनेक दशके भारतीय विद्यापीठांतील विद्यार्थी कोळंबीची उपांगे, संतुलनपुटी व तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) यांचा परिचय अशा प्रबंधांच्या आधाराने करून घेत आले.

शरीरक्रियाविज्ञानातही खेकडे उपयुक्त ठरले. त्यांच्या पायांतील तंत्रिका सुट्या करण्यास सोप्या असतात. खेकडा व शेवंड यांच्या जठराच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या गुच्छिकेत केवळ सु. ३० तंत्रिका कोशिका असल्यामुळे लयबद्ध हालचाली कशा निर्माण होतात, हे समजून घेण्यासाठी ती जगभर वापरली जाते. महाराष्ट्रात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम व त्यांचे सहकारी यांनी १९७०–९० या काळात बॅरिटेल्फुसा या गोड्या पाण्यातील खेकड्याच्या व कोळंबीच्या प्रजननावर आणि हॉर्मोनांवर विस्तृत संशोधन केले. जलप्रदूषणाच्या चाचण्यांत जलपिसू हा प्रमाणभूत प्राणी असून विषारी द्रव्यामुळे ४८ तासांत किती जलपिसवा निश्चल होतात, हे मोजतात.

हॉर्मोनांवरील संशोधनात एक शस्त्रक्रिया फार प्रचलित झाली. दशपाद प्राण्यांचे डोळे दांड्यांवर (नेत्रवृंतांवर) असतात आणि त्या दांड्यांत कात टाकणे व अंडाशयाची वाढ यांना आवर घालणारी हॉर्मोने तयार होतात. नेत्रवृंत काढल्यास अंडाशयाची वाढ वेगाने होते, हे पॅनूझ यांनी १९४३ मध्ये कोळंबीवर दाखविले. त्यामुळे नेत्रवृंतच्छेदन ही प्रयोगशाळेतील व पुढे कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांतील नित्याची क्रिया बनली. ती बहुधा भूल न देता, चिमट्याने दाबून, डागून किंवा दोऱ्याने आवळून केली जाते. प्राणी जगतो, खातो व अंडी घालतो, एवढ्यावरून त्याला यातना झाल्या नाहीत असे गृहीत धरले जाई. या गृहीतकाचीच आता तपासणी होत आहे.

माटुंगा परिसर : मुंबईतील माटुंगा व त्याच्या लगतचा भाग प्राणिविज्ञानाच्या अध्यापनाचे जुने केंद्र आहे. रामनारायण रुईया महाविद्यालय व गुरु नानक खालसा महाविद्यालय ही दोन्ही १९३७ मध्ये, तर रुपारेल महाविद्यालय १९५२ मध्ये स्थापन झाले. पश्चिमेस माहीमचा उपसागर, वायव्येस मिठी नदीचे मुख व तिवरांनी वेढलेली माहीमची खाडी आणि शहरभर मासळीबाजार, अशी या भागाची स्थिती आहे. देशाच्या अंतर्भागातील महाविद्यालयांना परिरक्षित नमुन्यांवर भागवावे लागे. मुंबईत मात्र चिंबोरी, समुद्री खेकडे, कोळंबी व शेवंड ताजी, आणि चिंबोरी तर जिवंतच, बाजारात मिळते.

ही सोय कल्याणाच्या दृष्टीने अडचणीचीही आहे. बाजारातील चिंबोरी नांग्या सुतळीने बांधलेल्या स्थितीत, टोपलीत एकावर एक रचून, पाण्याबाहेर ठेवलेली असते. ओलसर राहिल्यास ती काही दिवस जगते. परंतु या काळात तिच्या शरीरात कार्बन डाय-ऑक्साइड, लॅक्टिक अम्ल व अमोनिया साचत जातात. असा प्राणी प्रयोगशाळेत आणून लगेच त्याच्या श्वसनाचे किंवा रक्तातील घटकांचे मापन केल्यास जे आकडे मिळतात, ते निरोगी प्राण्याचे नसून थकलेल्या प्राण्याचे असतात. म्हणून बाजारातून आणलेल्या प्राण्यास नांग्या सोडून, योग्य लवणतेच्या वायुमिश्रित पाण्यात काही दिवस स्थिरावू देणे हे प्राण्याच्या व प्रयोगाच्या, दोघांच्याही हिताचे असते. केवळ बाह्य रचना किंवा उपांगे शिकवावयाची असल्यास जिवंत प्राणी आणण्याचे प्रयोजनच नसते. खाण्यासाठी पकडलेली मृत कोळंबी त्यासाठी पुरेशी ठरते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविज्ञान व जीवविज्ञान यांच्या अभ्यासक्रमांतील विच्छेदन व प्राण्यांवरील प्रयोग टप्प्याटप्प्याने बंद करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१४ मध्ये ती अधिक कडक केली. त्यानंतर प्रतिकृती, तक्ते, चित्रफिती व संगणकीय विच्छेदन यांचा वापर वाढला. यामुळे वर्गातील प्रश्न बराचसा सुटला. संशोधनासाठी, मत्स्यविज्ञानाच्या शिक्षणासाठी व विषाक्तता चाचण्यांसाठी ठेवल्या जाणाऱ्या प्राण्यांचा प्रश्न मात्र उरतोच.

वेदनेचा प्रश्न : इजा करणाऱ्या उद्दीपनाची जाणीव होऊन अवयव झटक्याने मागे घेणे ही प्रतिक्षेपी क्रिया (क्षतिसंवेदन) होय. वेदना ही त्यापुढील, अप्रिय अनुभवाची अवस्था होय. पहिली क्रिया अतिशय साध्या प्राण्यांतही आढळते. तीवरून दुसरीचे अनुमान करता येत नाही. खेकडा बोलत नाही व ओरडतही नाही. म्हणून केवळ प्रतिक्षेपाने ज्याचा उलगडा होत नाही असे वर्तन शोधणे, हाच अभ्यासाचा मार्ग उरतो.

बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठातील रॉबर्ट एलवुड व त्यांचे सहकारी यांचे प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. २००८ मध्ये त्यांनी कोळंबीच्या एका शृंगिकेस (स्पर्शिकेस) सौम्य ॲसिटिक अम्ल किंवा दाहक सोडा लावला, तेव्हा ती नेमकी तीच शृंगिका दीर्घकाळ साफ करीत व टाकीच्या भिंतीवर घाशीत राहिली. स्थानिक भूल दिल्यावर हे वर्तन कमी झाले. २००९ मधील प्रयोगात शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचा सौम्य धक्का दिला असता, न आवडणाऱ्या जातीच्या शंखातील खेकडे आवडत्या शंखातील खेकड्यांपेक्षा अधिक संख्येने शंख सोडून बाहेर पडले. म्हणजे धक्का टाळणे व निवारा राखणे यांत प्राणी तडजोड करीत होता. २०१३ मध्ये किनारी खेकड्यांना दोन अंधाऱ्या निवाऱ्यांपैकी एकात धक्का दिला, तेव्हा थोड्याच फेऱ्यांनंतर बहुतेक खेकडे दुसऱ्या निवाऱ्याकडे वळले. फ्रान्समध्ये २०१४ मध्ये असे दिसले की, धक्के दिलेले क्रेफिश उजेडाचा भाग टाळतात व माणसाच्या चिंतेवर देतात ते औषध टोचल्यास पुन्हा तेथे जाऊ लागतात. स्वीडनमधील गॉथेनबर्ग विद्यापीठात २०२४ मध्ये किनारी खेकड्यांच्या मध्यवर्ती तंत्रिका तंत्रात विद्युत् अग्रे बसवून, मृदू भागांना ॲसिटिक अम्ल लावल्यास व दाब दिल्यास तेथे होणारी विद्युत् प्रतिक्रिया नोंदविण्यात आली.

सर्व पुरावा एका दिशेचा नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील पुरी व फॉल्क्स यांना इतर जातींच्या कोळंबी व क्रेफिश यांच्यात अम्ल अथवा क्षार लावल्यावर वरील प्रकारचे वर्तन आढळले नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील जोनाथन बर्च व सहकाऱ्यांनी ३०० हून अधिक शोधनिबंधांचा आढावा घेऊन २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यांनी आठ कसोट्या ठरविल्या होत्या; त्यांवर खऱ्या खेकड्यांबाबतचा पुरावा सबळ ठरला, तर पेनिइड कोळंबींबाबत तो तुटपुंजा निघाला. तुटपुंजा पुरावा म्हणजे वेदनेच्या अभावाचा पुरावा नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. या कोळंबींवर अशा प्रकारचे प्रयोगच थोडे झाले आहेत. नेत्रवृंतच्छेदनासारखी क्रिया मोठ्या प्रमाणावर होते ती नेमकी याच कोळंबींवर. म्हणून जेथे शंका वाजवी व खबरदारीचा खर्च अल्प आहे, तेथे प्राण्याला वेदना होतात असे धरून चालणे इष्ट मानले जाते. जलपिसू व आर्टेमिया यांसारख्या लहान प्राण्यांबाबत असा निष्कर्ष काढण्याजोगी माहिती उपलब्ध नाही.

निवास व देखभाल : कवचधारी प्राण्यांच्या बहुतेक गरजा त्यांच्या शरीररचनेवरून ठरतात. ते क्लोमांनी (कल्ल्यांनी) श्वसन करतात व अमोनियाही मुख्यत्वे क्लोमांतूनच बाहेर टाकतात. बंदिस्त टाकीत हा अमोनिया साचतो. म्हणून सूक्ष्मजंतूंची वाढ झालेली गाळणयंत्रणा प्राणी आणण्यापूर्वी काही आठवडे चालवून तयार ठेवावी लागते. त्यांच्या रक्तातील हीमोसायनीन या ऑक्सिजनवाहक द्रव्यात तांबे असते. तथापि पाण्यात विरघळलेले तांबे त्यांना विषारी असते. यामुळे तांब्याचे नळ, पितळी तोट्या व तांबेयुक्त शैवलनाशके वर्ज्य करतात. नळाचे पाणी क्लोरीन काढल्याखेरीज वापरत नाहीत.

मुंबईत पावसाळ्यात किनाऱ्याजवळील पाणी गढूळ होते व त्याची लवणता बरीच उतरते. त्यामुळे स्वच्छ समुद्रजल अगोदर साठवून ठेवणे किंवा कृत्रिम समुद्रमीठ वापरणे आवश्यक ठरते. चिंबोरी खाडीतील प्राणी असल्याने लवणतेतील बराच चढ-उतार सोसते. खुल्या समुद्रातील शेवंड तसा सोसू शकत नाही. दोन्हींच्या बाबतीत बदल क्रमाक्रमाने करावा लागतो. समुद्री प्राणी एकदम गोड्या पाण्यात टाकणे म्हणजे त्याला तीव्र तर्षण-आघात देणे होय.

चिंबोरी निशाचर असून दिवसा चिखलात पुरून घेते. उघड्या, पांढऱ्या व प्रखर दिव्याखालील टाकीत ती सतत अस्वस्थ राहते. तळाशी वाळू किंवा चिखल, लपण्यासाठी नळकांडी अथवा कौले, दिवस-रात्रीचे ठराविक चक्र आणि वळता येईल व पूर्ण बुडता येईल एवढी जागा या किमान गरजा होत. खेकडे एकमेकांना खातात. हा धोका कात टाकल्यानंतर फार वाढतो, म्हणून त्यांना स्वतंत्र कप्प्यांत ठेवतात. कात टाकण्यापूर्वी प्राणी खाणे थांबवितो व नंतर त्याचे कवच काही दिवस मऊ राहते. या काळात त्याला हात लावू नये. टाकलेली कात लगेच काढू नये, कारण ती खाऊन प्राणी कॅल्शियम परत मिळवितो. आहारात मासळीचे तुकडे, शिंपल्यांतील मांस इ. देऊन उरलेले अन्न त्याच दिवशी काढतात.

खेकड्याला एका पायाने कधीही उचलू नये. धोका वाटल्यास तो ठराविक सांध्याशी पाय तोडून टाकतो (स्वविच्छेदन). तो पाय पुढील कातींनंतर पुन्हा वाढतो. परंतु त्यासाठी वाढीची व प्रजननाची शक्ती खर्ची पडते. पृष्ठवर्माच्या मागील कडेने दोन्ही बाजूंनी पकडणे ही सुरक्षित रीत होय. नांग्या बांधाव्या लागल्यास त्या वाहतुकीपुरत्याच बांधाव्यात. बांधलेल्या नांग्यांनी प्राण्यास नीट खाता येत नाही. नांगीचा स्नायुबंध कापून ती निकामी करण्याची रीत जखम करणारी असल्याने त्याज्य आहे. पाय गळणे, उलटे ठेवल्यास सरळ होता न येणे, मुखांगांची शिथिलता, अन्न नाकारणे ही ताणाची वा आजाराची लक्षणे असून त्यांची रोजच्या रोज नोंद ठेवतात.

भूल व अखेर : या प्राण्यांची भूल व मृत्यू हा विषय सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे. माशांसाठी वापरतात ते ट्रायकेन हे भूल-औषध कवचधाऱ्यांवर फारसे चालत नाही. लवंगेच्या तेलाचा परिणाम होतो, पण तो सावकाश होतो. उष्ण प्रदेशीय जाती बर्फमिश्रित पाण्यात निश्चल होतात. यासाठी समुद्री प्राण्यांना समुद्रजलाचा व गोड्या पाण्यातील प्राण्यांना गोड्या पाण्याचा बर्फ-गारा वापरतात. निश्चलता म्हणजे संवेदनशून्यता नव्हे, असा या पद्धतीवर आक्षेप आहे. म्हणून डोळ्यास व मुखांगांस स्पर्श केल्यावर कोणतीही हालचाल होत नाही, याची खात्री झाल्यावरच पुढील क्रिया करतात. योग्य विद्युत् प्रवाहाने काही सेकंदांत बधिर करणे ही अधिक खात्रीची पद्धत होय. मात्र तिचे उपकरण महाग असते.

बधिर केल्यानंतर तंत्रिका केंद्रे त्वरित नष्ट करतात. खेकड्यात अशी दोन मुख्य केंद्रे असतात : एक डोळ्यांच्या मध्ये व दुसरे अधर बाजूस, पोटाखाली दुमडलेल्या झडपेच्या आत. दोन्ही ठिकाणी टोकदार टोच्याने लागोपाठ वेध घ्यावा लागतो. केवळ एकच केंद्र नष्ट करणे पुरेसे नसते. शेवंड व कोळंबी यांत गुच्छिकांची साखळी शरीरभर पसरलेली असल्यामुळे धारदार सुरीने मध्यरेषेवर उभा छेद घेतात. शुद्धीवर असलेला प्राणी उकळत्या पाण्यात, गोड्या पाण्यात किंवा फॉर्मॅलिनमध्ये टाकणे या पद्धती आता अग्राह्य ठरल्या आहेत. फॉर्मॅलिनचा वापर परिरक्षणासाठी, मृत्यूनंतरच करावयाचा असतो. प्रयोगातून उरलेले खेकडे खाडीत सोडू नयेत. श्वेत ठिपक्यांच्या रोगाचे विषाणू खेकड्यांकरवी कोळंबीत पसरू शकतात.

कायदे व नियम : न्यूझीलंडच्या १९९९ च्या व नॉर्वेच्या २००९ च्या प्राणिकल्याण कायद्यांत खेकडे व शेवंड यांचा समावेश आहे. स्वित्झर्लंडने २०१८ पासून बधिर न करता शेवंड उकळण्यास बंदी केली. यूरोपीय संघाच्या प्रयोगविषयक निर्देशाच्या २००८ च्या मसुद्यात दशपाद प्राणी होते. २०१० मधील अंतिम निर्देशात मात्र केवळ माकूल, ऑक्टोपस इ. शीर्षपाद प्राणी राहिले. ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने दशपाद प्राण्यांना संवेदनक्षम म्हणून मान्यता दिली. तथापि तेथील प्रयोगांचे नियमन करणाऱ्या १९८६ च्या कायद्याच्या कक्षेत ते त्यामुळे आले नाहीत.

भारतीय कायद्याची स्थिती याहून वेगळी आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात ‘प्राणी’ म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही जिवंत जीव, अशी व्याख्या आहे. खेकडा व कोळंबी तीत सहज बसतात. प्रयोगांपूर्वी, प्रयोग चालू असताना व नंतर प्राण्यांना अनावश्यक वेदना होऊ नयेत हे पाहण्याचे काम याच अधिनियमाखालील समितीकडे आहे. पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट यांनी काम भागत असेल तेथे प्रयोग टाळावेत, शक्य तेथे पुरेशी भूल द्यावी आणि केवळ हातोटी मिळविण्यासाठी प्रयोग करू नयेत, ही तत्त्वे कलम १७ मध्ये आहेत. १९९८ च्या नियमांनी संस्थात्मक प्राणी नीती समित्यांची पद्धत घालून दिली. प्रत्यक्षात निवास, भूल व मृत्यू यांविषयीची तपशीलवार सूत्रे मुख्यत्वे पृष्ठवंशी प्राण्यांसाठीच तयार झाली. अशा रीतीने भारतीय कायद्याच्या शब्दांत खेकड्यास स्थान आहे. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत मात्र ते क्वचितच असते.

ही उणीव भरून काढण्यास नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली प्रतिस्थापन (पर्यायी साधन वापरणे), न्यूनीकरण (प्राण्यांची संख्या कमी करणे) व परिष्करण (पद्धती सौम्य करणे) ही त्रिसूत्री दशपाद प्राण्यांना जशीच्या तशी लागू पडते. किती प्राणी कोठून आणले, किती दिवस ठेवले, किती दगावले व उरलेल्यांची अखेर कशी केली, एवढी नोंद ठेवली तरी अनेक दोष आपोआप उघड होतात. अमोनिया व लवणता मोजणे, लपण्यास कौल ठेवणे, सुतळी सोडणे व बर्फ-गारा हाताशी ठेवणे या गोष्टी साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेसही परवडणाऱ्या आहेत.